तुरीच्या दाण्यांचा पंचनामा

26 जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुल, नळयोजना, स्मशानशेड हे नेहमीचे विषय संपले. लोक चपला शोधायला लागले तेव्हा मागून एक म्हातारी बोलली, "अन् त्या बंदुकीचं का करता?"

मी नागपूर ग्रामीण तालुक्यातल्या एका गावाचा ग्रामसेवक. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात तसं कोणी म्हणत नाही.) काटोल रोडच्या बाजूला संत्र्याच्या बागा एकेक करून विकल्या गेल्या आणि तिथे फार्महाऊस उभी राहिली. त्यातल्या एकावर रविवारी सकाळी दहापासून बारा बोअरच्या बंदुकीचे बार सुरू व्हायचे. मातीच्या तबकड्या हवेत सोडायच्या आणि फोडायच्या. मालक शहरातले, पाहुणेही शहरातले. खरं सांगायचं तर खेळ म्हणून मलाही बघायला आवडला असता. पण ग्रामसभेत बोललेल्या त्या आजीचं घर तिथून जेमतेम 300 मीटरवर. नातू बारावीला. आणि रविवारी संध्याकाळी गाय पान्हवायची नाही.

ग्रामसभेनं ठराव केला. मी मालकांना पत्र दिलं. उत्तर आलं: बंदुकीचं लायसन्स आहे, जमीन स्वतःची आहे, रात्री एकही बार होत नाही. पत्र इतकं सभ्य होतं की त्यावर पुढे काय लिहावं ते मला सुचेना. आवाजावर कारवाई करायचा अधिकार पंचायतीला नाहीच. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 पाहायचे ते पोलिसांनी. म्हणून ठरावाची नक्कल घेऊन ठाण्यात गेलो. तीन चकरा झाल्या तेव्हा फेब्रुवारीतल्या एका रविवारी हवालदार डेसिबल मीटर घेऊन आले.

आम्ही आजीच्या अंगणात खाट टाकून बसलो. समोर तूर वाळत घातलेली. बार नसताना मीटरवर 42-43. पहिला बार झाला आणि आकडा 79 वर उडाला, पण लगेच खाली. मी दचकलो, माझ्या हातातला चहा पॅन्टवर सांडला. कुत्रं खाटेखाली घुसलं ते शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. हवालदार मात्र स्थिर. एक तास मोजलं आणि त्यांनी सरासरी काढली: 53.

"बसत नाही साहेब," ते म्हणाले.

रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. त्यातही रीतसर तक्रार धरायची तर आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबलनं जास्त हवा. लाऊडस्पीकर सलग वाजतो, त्याला हे माप बरोबर लागतं. बार क्षणात संपतो आणि मधली सगळी शांतता सरासरीत त्याच्या बाजूनं जमा होते. मीटर खोटं बोलत नव्हतं. पण माझी पॅन्ट ओली होती, तिची नोंद करायला त्यावर जागा नव्हती.

मी कागद आवरायला लागलो. तेवढ्यात आजी आतून तीन वाट्या घेऊन आली. तिन्हींत तुरीचे दाणे.

"हे का आहे आजी?"

"बार, जी. एक बार झाला का एक दाना. हा त्या रविवारचा, हा मांगच्या रविवारचा. अन् हा आजचा, तुम्ही बसले तवापासून मी बी मोजून रायली."

आजची वाटी आम्ही खाटेवर ओतून मोजली. 71. हवालदारांच्या वहीत त्या तासाच्या रेघा होत्या 70. एक त्यांचीच चुकली असणार, असं आजीचं मत. आधीच्या दोन वाट्यांत 118 आणि 164.

हवालदार थोडा वेळ दाण्यांकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "चला, लायसन्स पाहून येऊ." आर्म्स ॲक्टच्या कलम 19 खाली पोलिसाला ते मागता येतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

फार्महाऊसवर आमचं स्वागत झालं. संत्र्याचा रस आला. लायसन्सही आलं, प्लास्टिकच्या कव्हरात, अगदी चालू मुदतीचं. कारण: पीक संरक्षण. आमच्याकडे रानडुकरं हरभरा, संत्रा काही सोडत नाहीत, त्यामुळे असं लायसन्स असणं नवल नाही. पण हवालदारांनी बोट ठेवलं ते खालच्या रकान्यांवर. एका वेळी किती काडतुसं बाळगायची आणि वर्षभरात किती विकत घ्यायची, हे लायसन्सवरच लिहिलेलं असतं. इथे होतं 25 आणि 50.

मैदानावर लाल रिकाम्या काडतुसांचा सडा पडलेला.

"मित्र आपापल्या बंदुका घेऊन येतात," मालक म्हणाले.

"मग त्यांचीही लायसन्स दाखवा ना जी. अन् हे फायरिंग रेंज आहे का? त्याचं लायसन्स वेगळं असते."

दोन पाहुण्यांनी कागद काढले. तिसरे फोनवर बोलत गाडीकडे गेले. रसाचे ग्लास तसेच राहिले.

पंचनामा आजीच्या अंगणातच लिहिला. डेसिबलचे आकडे जसेच्या तसे घातले, 53 सुद्धा. त्याखाली काडतुसांची मोजणी. दाणे हा काही पुरावा नव्हे, हे हवालदारांनाही ठाऊक होतं; तरी त्यांनी तिन्ही वाट्या तीन पुड्यांत बांधून पंचांच्या सह्या घेतल्या. अहवाल सिव्हिल लाईन्सला जिल्हाधिकारी कार्यालयाकडे गेला. शस्त्रपरवाने तिथूनच दिले जातात. महिनाभरात मालकांना कारणे दाखवा नोटीस लागली. पुढची सुनावणी चालू आहे. बार त्या रविवारपासून बंद आहेत.

मागच्या आठवड्यात घरपट्टीच्या वसुलीला गेलो तर आजी दारातच उभी.

"बाबू, ते दाने वापस भेटन का? बियान्याची तूर होती ते."

मी ठाण्यात फोन लावला. हवालदार म्हणाले, मुद्देमालात आहे, सुनावणी होईपर्यंत मिळणार नाही.