कुडा, कुडाळ आणि जीसीसी दहा

फोनवर मी तीनदा "कुडा चालत नाही" म्हणालो, तेव्हा ओट्यावर फणस फोडणारी आई म्हणाली, "कुड्याची साल उगाळून दिल्यार पोट बरा होता. तुज्या मशिनीचा काय झाला?" आमच्याकडे कुडा म्हणजे परसातलं झाड. त्यात घर कुडाळपासून जवळ, म्हणजे घोटाळ्यात भर.

मला हवा होता तो कुडा (CUDA) म्हणजे एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाकडून गणितं करून घेणारं सॉफ्टवेअर. मामा दशावतारात राजपार्टी, म्हणजे राजाची कामं, करायचा. त्याच्या जुन्या कॅसेटी मी कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या आणि त्यातलं बोलणं व्हिस्पर डॉट सीपीपी या ऐकून लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून लिहून घ्यायचं होतं. दशावतारात गाणी ठरलेली असली तरी संवाद नटाने उभ्या उभ्या रचलेले असतात, त्यामुळे कागदावर काहीच नसतं. प्रोसेसरवर एका कॅसेटला रात्र जात होती. घरात जीटीएक्स 1650 हे ग्राफिक्स कार्ड पडून होतं, चार जीबीचं. म्हटलं, त्याला कामाला लावू.

जून 2024, मृग नुकताच लागलेला. माझ्या उबुंटू 22.04 (लिनक्स) वर तिच्याच पॅकेजमधून कुडा घेतला, तो 11.5 आवृत्तीचा निघाला. बिल्ड लावला, म्हणजे व्हिस्परच्या कोडपासून चालणारा प्रोग्राम बांधायला घेतला, आणि थोड्याच वेळात लाल अक्षरं आली: एसटीडी फंक्शन नावाच्या हेडरमध्ये (कोडला जोडून घेतल्या जाणाऱ्या तयार फाइलमध्ये) 435 व्या ओळीत "पॅरामीटर पॅक तीन टिंबांनी उलगडलेला नाही". ही फाइल ना माझी, ना व्हिस्परची. ती जीसीसी 11 सोबत येते. जीसीसी म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा कंपायलर, लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा. ती उघडून 435 वी ओळ तीनदा वाचली. तीन टिंबं जागेवर होती.

इथे माझे दोन दिवस गेले. कुडाचा कंपायलर एनव्हीसीसी एकट्याने काम करत नाही, हेच मला नीट ठाऊक नव्हतं. तो फाइलचे दोन वाटे करतो. कार्डावर चालायचा भाग स्वतः बघतो आणि प्रोसेसरचा भाग आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून जीसीसीच्या हाती देतो. म्हणजे जीसीसीचीच हेडर फाइल एनव्हीसीसीच्या हातून फिरून परत जीसीसीकडे येते. अकराच्या हेडरमधली ती नव्या धाटणीची ओळ 11.5 ला नीट उतरवता येत नाही, मग जीसीसी आपल्याच फाइलवर ओरडतो.

आवृत्ती फारच नवी असली की कुडा सरळ सांगतो, हा जीसीसी चालणार नाही. ती तपासणी बंद करायचा एक पर्यायही असतो. तो मी घालून पाहिला, उपयोग शून्य. कारण 11.5 च्या यादीत जीसीसी 11 बसतोच! दारावरचा पहारेकरी आत सोडतो आणि माजघरात भांडण होतं.

पुण्यातला मित्र म्हणाला, नवा कुडा उतरव. तो चारेक जीबीचा. आमच्याकडे रेंज माडाच्या एका विशिष्ट बाजूला उभं राहिल्यावर येते, पावसात तिथेही नाही. त्यापेक्षा जुना जीसीसी 10 आणि त्याचा सी++ साठीचा जी++ किती लहान!

ते उतरवले आणि मग माझा गाढवपणा. अख्ख्या सिस्टीमचं "जीसीसी" हे नाव मी दहाकडे वळवून टाकलं. बिल्ड होतो का बघायच्या आत लाईट गेली. आमच्या इन्व्हर्टरवर दोन बल्ब आणि एक पंखा, बस. लाईट आली तेव्हा मशीन नव्या कर्नलवर (सिस्टीमच्या गाभ्यावर) उठलं, आणि कार्डच दिसेना. कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचं मॉड्यूल त्या कर्नलसाठी बांधलंच गेलं नव्हतं. लॉगमध्ये तक्रार होती की "ट्रिव्हियल ऑटो व्हार इनिट" हा पर्याय ओळखीचा नाही. हा पर्याय जीसीसीला बाराव्या आवृत्तीपासून कळतो आणि कर्नल बाराने बांधलेला. शेवटी जीसीसी 12 आणून ते नाव त्याच्याकडे वळवलं, मॉड्यूल पुन्हा बांधलं, तेव्हा कार्ड परत आलं.

आता एका घरात तीन जीसीसी, तीन जावांसारखे. कुणी कुणाच्या चुलीकडे बघायचं नाही, एवढं ठरवून द्यायचं होतं. बिल्डची मांडणी करणाऱ्या सीमेकला "कुडा होस्ट कंपायलर" (एनव्हीसीसी ज्याच्या हाती काम देतो तो) म्हणून फक्त या बिल्डपुरता जी++ 10 चा पूर्ण पत्ता दिला. आर्किटेक्चर म्हणून 75 दिलं, कारण 1650 ची कम्प्यूट क्षमता, म्हणजे कार्डाची पिढी सांगणारा आकडा, 7.5 आहे. बाकीच्या कार्डांसाठी कोड बनवत बसायचं कारण नाही.

बिल्ड लावला, तीच 435 वी ओळ. खरं सांगतो, खुर्चीवरून उठून पावसात जाऊन उभा राहिलो. परत आल्यावर लक्षात आलं की बिल्डचा फोल्डर जुनाच होता. सीमेकने पहिल्या वेळी शोधलेला कंपायलर कॅशमध्ये लिहून ठेवला होता. फोल्डर पुसला, पहिल्यापासून लावला. त्या ओळीच्या जागेवरून टक्के सरकत गेले, वीस, चाळीस, शंभर. मध्ये एकदाही लाईट गेली नाही, हे त्या दिवसाचं आश्चर्य.

मग व्हिस्परचं मीडियम मॉडेल, दीड जीबीचं, माडाच्या त्या बाजूला फोन ठेवून दोन रात्रीत उतरवलं. कॅसेट लावली आणि चहा होईपर्यंत मजकूर पडद्यावर सांडू लागला. प्रमाण मराठीतली वाक्यं बऱ्यापैकी, पण मालवणी आली की गडबड. "माका" (म्हणजे मला) तर त्याला प्रत्येक वेळी "मका" ऐकू येतो.

मामाला छापून दिलं. चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि म्हणाला, "नाटकात ह्यो मको खंयसून इलो?"