एका तपासणीला खर्च किती?

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी एका बाईमागे कितीला पडते? मदत द्यायला आलेली माणसं, शिकणारी मुलं, पत्रकार, सगळे मला हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्या बायकांमध्ये मी या तपासणीचं काम करते.

आकडा हवा असेल तर त्यासाठी लांब जायला नको. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. काही गावांत हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींत पॅप (म्हणजे तोंडावरच्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि उरलेल्या गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच झालेल्या एचपीव्ही चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले होते. तपासणी न झालेल्या गटात ६४ बायका या कॅन्सरनं गेल्या, एचपीव्हीच्या गटात ३४. त्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावरून पुढे बराच वाद झाला. मला मात्र त्या ६४ जणींचा विचार पाठ सोडत नाही. हे ज्ञान आपल्या हाती आलं त्याची किंमत आपल्याच भागातल्या बायकांनी मोजलेली आहे. मग ते कपाटात ठेवायचा आपल्याला हक्क नाही.

याच अभ्यासातून खर्चाचाही हिशेब निघाला, २००५ मध्ये. दर बाईमागे एकूण खर्च डोळ्यांनी पाहण्याला साधारण चार डॉलर, पॅपला साडेसहा, एचपीव्हीला बाराच्या आसपास. म्हणजे सगळ्यात महाग चाचणी हीच सगळ्यात जास्त जीव वाचवणारी निघाली. डोळ्यांनी पाहण्याची पद्धत एकदाच वापरली तेव्हा मृत्यूंमध्ये ठोस घट दिसलीच नाही. मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात तीच पद्धत दर दोन वर्षांनी, चार वेळा वापरली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्वस्त ॲसिडचा खरा खर्च इथं आहे. त्याच बाईला पुन्हा शोधायचं, पुन्हा पटवायचं, पुन्हा आणायचं.

पण हे सगळे आकडे कार्यक्रम चालवणाऱ्याच्या बाजूचे. विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत या, म्हणजे दुसरी बाजू कळेल. इथं मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं मिळते. सकाळी कारखान्यात आदल्या दिवशीचा माल द्यायचा, छाटात गेलेल्या, म्हणजे खराब म्हणून नाकारलेल्या विड्यांचा तोटा सोसायचा, नवीन पान-तंबाखू घेऊन घरी यायचं आणि रात्रीपर्यंत वळत बसायचं. दुपारी दोन तास तपासणीला आली की तेवढ्या विड्या कमी. तपासणी फुकट असते, ते दोन तास फुकट नसतात. त्यात भीती वेगळीच. ‘पिशवी काढायला लावतील का हो अक्का?’ हा प्रश्न मला दर शिबिरात येतो, आणि त्याचं उत्तर घाईत देता येत नाही. तिच्याजवळ बसावं लागतं, पुष्कळदा सासूलाही समजवावं लागतं, आणि इथल्या बऱ्याच घरांत तेलुगू चालते म्हणून तेलुगूत बोलणारी कार्यकर्ती लागते. त्या बसण्याचा मोबदला कुठल्याच अंदाजपत्रकात मला दिसलेला नाही. आशाताई ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरतात. फॉर्म भरला जातो, पण पुढच्या पाठपुराव्याचं ओझं त्यांच्या आधीच भरलेल्या दिवसावर पडतं.

सगळ्यात जास्त बायका गळतात त्या दुसऱ्या खेपेला. डोळ्यांनी पाहिलं तर डाग मिनिटाभरात दिसतो, बाई समोरच असते. एचपीव्हीचा नमुना मात्र प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल काही दिवसांनी येतो. तोवर फोन नवऱ्याकडे असतो, किंवा नंबर बदललेला असतो, किंवा बाई लग्नकार्याला गावी गेलेली असते. ती सापडली तरी कॉल्पोस्कोपीला, म्हणजे दुर्बिणीतून नीट तपासायला, मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस, रिक्षाभाडं आणि सोबत यायला कोणीतरी. एका शिबिरानंतर असं झालं की अहवाल आले, पण ते बायकांपर्यंत पोचवायला माणूसच नेमलेला नव्हता. संयोजकांच्या वार्षिक अहवालात तपासण्यांची संख्या मात्र भरघोस होती. मला याचा संताप येतो. दोष सापडलेल्या बाईला निरोप न देणं हे तपासणी न करण्यापेक्षा वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या देशातल्या फक्त १.९ टक्के बायकांनी ही तपासणी कधी तरी केल्याचं सांगितलं. उत्तर हाती असूनही ही स्थिती आहे, आणि बाईला पटवण्याचा, पुन्हा शोधण्याचा आणि तिच्या बुडालेल्या मजुरीचा जो खर्च मी वर सांगितला तो कोणीच धरत नाही, हे मला त्यामागचं मोठं कारण वाटतं.

म्हणून मी चाचणीच्या किटची किंमत सांगत नाही. मी विचारते, दोष सापडलेल्या किती जणींवर उपचार पूर्ण झाले? खर्चाला भागायचं ते त्या आकड्यानं. तुम्हाला मदत करायची असेल तर शिबिराचा मांडव आणि बॅनर राहू द्या. वस्तीतल्याच एका तेलुगू-मराठी बोलणाऱ्या बाईचा वर्षभराचा पगार द्या, दुसऱ्या खेपेला येणाऱ्या प्रत्येकीची बुडालेली मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं द्या. आणि पुढच्या वर्षीही द्याल, हे आत्ताच लिहून द्या.