अडईचा आकडा निम्म्याखाली आला

आमच्या तलावावर पाणपक्षी मोजण्याचा तिसरा हिवाळा संपत आलाय. मागच्या नोंदीनंतर पाच मोजण्या झाल्या, दोन बुडाल्या. एक धुईमुळे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलो तर खालचा तुडूमही (पाणी सोडायचं पायऱ्यांचं दार) दिसेना. दुसरी, शेजारच्या गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, होती म्हणून. रात्रभर नाटक, आणि सकाळी साडेसहाला पाळीवर हजेरी माझी आणि एका कुत्र्याची. झाडीपट्टीत राहून दिवाळी ते होळीच्या मधली तारीख नाटकाचं पोस्टर न बघता ठरवली, चूक माझीच.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात: तलाव मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, भंडारा जिल्ह्यातला, साकोलीच्या अंगाने. पाळ, तुडूम, सांडवा, खाली धानाच्या बांध्या. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हापासून कागदोपत्री हे सगळे 'माजी मालगुजारी', म्हणजे मामा तलाव. मासेमारी ढिवर बांधवांच्या सोसायटीकडे. आम्ही सहा जण, दोन शिक्षक, बाकी शेतकरी. रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत मोजणीला कोणी मिळत नाही, म्हणून जुलै-ऑगस्टचं पान दरवर्षी कोरं.

आता अडई, म्हणजे शिट्टी घालणारं बदक. गेल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत ४१० लिहिलं होतं. तो आकडा मी मागे घेतो.

डिसेंबरच्या मोजणीला आमचे ढिवर मामा पाळीवर खर्रा घोटत बसले होते. बराच वेळ आमची धावपळ पाहून म्हणाले, "मास्तर, तुमी तेच पाखरं दोनदा मोजून रायले." आमची एक जोडी तुडूमापाशी उभी असते, दुसरी सांडव्यापाशी. पावणेआठच्या सुमारास ढिवरांचे डोंगे (छोट्या होड्या) जाळी उचलायला निघतात. तेवढ्यात सगळी अडई शिट्ट्या घालत उठते, तलावावरून अर्धा फेरा घेते आणि सांडव्याकडच्या कमळात उतरते. तुडूमवाल्यांनी मोजलेली पाखरं दहा मिनिटांनी सांडवेवाल्यांच्या वहीत. मामांना हे पाखरांच्या अभ्यासातून नाही, जाळ्याच्या वेळेवरून माहीत. दोन वर्षं ते रोज समोर होते आणि आम्ही त्यांना कधी विचारलंच नाही.

जानेवारीपासून सातला दोन्हीकडे एकदम सुरुवात, सात पस्तीसला बंद, डोंगे निघायच्या आत. पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे, ती हद्द. तिच्या अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं. थवा उडालाच तर दिशा आणि मिनिट लिहायचं, भांडण नंतर. थवा मोठा असेल तर आधी एकेक करून वीस मोजायचे, त्या विसांनी किती जागा घेतली ते डोळ्यात भरायचं आणि मग पायलीने धान मोजावं तसं ते माप पुढे पुढे ठेवत जायचं. कडेच्या विरळ पाखरांना हे माप लावू नका, ती सुटी मोजा.

जानेवारीत अडई १८६, फेब्रुवारीत १९३. ऐट गेली खरी, पण सलग दोन महिन्यांचे आकडे इतके जवळ कधी आले नव्हते. १९८७पासून जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेलाही यंदा १८६च पाठवला. जुन्या याद्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आहे, तीन संध्याकाळी गेल्या, अजून संपलं नाही.

वारकरी पाखरं मोजायला आईने तिचं बोटात घालायचं जपाचं यंत्र दिलं. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, नाव वारकरी, मग जपानेच मोज म्हणाली. यंत्र झकास, पण शून्य करायचं बटण नेमकं अंगठ्याखाली. १४०च्या पुढे कुठेतरी दाबलं गेलं आणि पांडुरंगा, पुन्हा पहिल्यापासून. आता दर पन्नासाला वहीत रेघ.

कमळपक्ष्यांचा घोळ मात्र चालूच. हिवाळ्यात लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची शेपटीच राहत नाही, वरून तपकिरी, खालून पांढरा. कांस्यपंखी कमळपक्ष्याचं पिल्लूही साधारण तसंच. पानांवर चालताना दोघांत आमची गफलत होतेच. उडाला की सुटतं: पंख पांढरे झळकले तर लांब शेपटीचा, गडद राहिले तर कांस्यपंखी. पण म्हणून हुसकावून उडवायचा नाही, हा आमचा नियम. उडाला नाही तर नुसतं 'कमळपक्षी' लिहायचं. डिसेंबरात अशा नोंदी अकरा होत्या, फेब्रुवारीत चार.

नवीन सुरू केलेली गोष्ट म्हणजे तुडूमाच्या किती पायऱ्या उघड्या ते लिहिणं. फुकटचं मोजमाप, आधी सुचलं नाही. डिसेंबरात दोन उघड्या होत्या. उन्हाळी धानाला पाणी सुटल्यावर फेब्रुवारीत सहा. वरच्या अंगाला चिखल उघडा पडला आणि शेकाटे, तुतवार तिथे उतरले, बदकं खोल पाण्याकडे सरकली. जुन्या वह्यांत पायऱ्याच नाहीत, त्यामुळे 'बदकं कमी झाली' असं मागे दोनदा लिहिलंय त्यातलं किती पाखरांचं आणि किती पाण्याचं, ते आता कळणार नाही.

सारस: ०. दर महिन्याला लिहितो. एका पोराने विचारलं, नाहीच तर लिहायचं कशाला? गोंदियाच्या बाजूला सारस आहे, दर जूनमध्ये तिकडे गणनाही होते. इकडे एखादी जोडी उद्या बांधीत उतरली तर आधी ती नव्हती, हे या शून्यांशिवाय कशावरून सांगणार? मामा म्हणतात त्यांच्या लहानपणी होती.

शेवटी काणूक, हेही एक लहानसं बदक. फेब्रुवारीत तीन जोड्या, आणि त्यातली एक पाळीवरच्या जुन्या मोहाभोवती घिरट्या घालत होती. त्या मोहाला दोन पुरुष उंचीवर ढोली आहे. काणूक ढोलीत अंडी घालतं, पण पावसाळ्यात, म्हणजे आत्ता नुसती पाहणी असेल किंवा माझी हौस. रोवणीच्या कोऱ्या पानावर यंदा निदान त्या एका झाडाची नोंद करायची ठरवलंय, धुऱ्यावरून येता-जाता, दहा मिनिटं. कोणाकडे जास्तीचा ट्रायपॉड पडून असेल तर जूनच्या आत कळवा.