गांगह्वाच्या डोंगरात, गोजोंग राजाच्या समाधीकडे

सगळ्यात आधी हे सांगते, कारण यापायी आमचा एक अख्खा शनिवार गेला. मॅपवर नुसतं ‘होंगनुंग’ टाकू नका. कोरियात गोजोंग नावाचे दोन राजे झाले आणि दोघांच्याही समाधीचं नाव होंगनुंग. एक गोजोंग जोसन घराण्यातला, 1919 मध्ये वारलेला. त्याची समाधी सोलच्या पूर्वेला नामयांगजूत आहे. आपला गोजोंग त्याच्या साडेसहाशे वर्षं आधीचा, गोर्यो घराण्यातला, आणि तो आहे पश्चिमेला, गांगह्वा बेटावर. ‘गांगह्वा होंगनुंग’ असंच शोधा, तेही कोरियन लिपीत. नेव्हर मॅप आधीच उतरवून ठेवा, गुगलपेक्षा इथे तोच कामाला येतो.

पुढच्या शनिवारी मी आणि ताई बसने निघालो. बेटाला पूल आहे, त्यामुळे बोटीची भानगड नाही. सोलहून दोन तास धरून चाला.

1170 मध्ये गोर्योच्या सेनाधिकाऱ्यांनी बंड करून दरबार ताब्यात घेतला आणि पुढची शंभर वर्षं राजे नावाला उरले. त्या सेनाधिकाऱ्यांतला सगळ्यात जबरदस्त माणूस चोए छुंग-हन. त्याने दोन राजे उतरवले आणि चार बसवले. उतरवलेल्यांपैकी हुइजोंगने 1211 मध्ये त्याला राजवाड्यातच मारायचा घाट घातला होता. तो फसला आणि राजाचीच हद्दपारी झाली. त्याचीही समाधी याच बेटावर आहे, सॉकनुंग. 1213 मध्ये गोजोंग गादीवर आला आणि 46 वर्षं राहिला. पण 1225 पासून नेमणुका ठरायच्या त्या छुंग-हनचा मुलगा चोए उ याच्या घरी. राजाकडे यादी जायची ती मान्यतेपुरती.

मंगोल चालून आले तेव्हा राजधानी केसोंगहून (हे शहर आता उत्तर कोरियात) या बेटावर न्यायचं ठरवलं तेही चोए उनेच. विरोध करणाऱ्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. 1232 च्या पावसाळ्यात, दहा दिवसांच्या संततधारेत, पोटरीभर चिखलातून अख्खं शहर इकडे आलं. राजाही.

राजवाड्याची जागा गांगह्वा गावातच आहे, बसस्टँडवरून चालत जाता येतं. मात्र तिथे उभ्या आहेत त्या इमारती नंतरच्या, जोसन काळातल्या. गोर्योच्या वाड्याचं नुसतं आवार उरलंय. अर्धा तास पुरे. मागच्या टेकडीकडे मात्र नीट बघा: जुन्या राजधानीमागच्या डोंगराचं नाव सोंगाक, म्हणून इथल्या टेकडीलाही सोंगाक म्हणू लागले. घर सुटल्याचं दुःख त्या नावात मला दिसलं.

समाधी गोर्योसान डोंगराच्या उतारावर आहे. तिकडे बस क्वचित, सरळ टॅक्सी करा आणि ड्रायव्हरला थांबायची विनंती करा, नाहीतर परतीला गाडी मिळत नाही. खालून झाडीतून चढ आहे. लांब नाही, पण खडा आहे, आणि ओल्या पानांवरून पाय सटकतो. चांगले बूट हवेतच.

वर पोचलो तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. गवताचा एक बुटका उंचवटा आणि थोडे दगडी पुतळे, बस. एका दगडी अधिकाऱ्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले. हात छातीशी जुळवलेले, बाह्यांच्या चुण्या अजून कळतात, पण नाक-डोळे पावसाने पार झिजलेत आणि खांद्यावर करडं दगडफूल चढलंय. ताई हळूच म्हणाली, “अगं, एवढीशीच?” राजाच्या काळात या बेटावरून त्रिपिटकाच्या 81,258 लाकडी पाट्या कोरण्याचं काम चाललं, 1236 ते 1251. त्या आजही हेइन्साच्या मठात आहेत. आणि राजाच्या वाट्याला हा उंचवटा. 1258 मध्ये चोए घराण्याचा शेवटचा सत्ताधीश मारला गेला, सत्ता राजाकडे आली असं जाहीर झालं, पण सूत्रं मारणाऱ्यांपैकी किम जुनच्याच हाती गेली. वर्षभरात गोजोंग वारला.

एप्रिलमध्ये हा डोंगर जिंदाल्ले फुलांनी गुलाबी होतो आणि गर्दी लोटते, तेव्हा मधल्या वारी जा. तारखेच्या शेवटी 2 किंवा 7 असेल त्या दिवशी गावात बाजार भरतो. बाजाराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बेंडेंगी मासे खा, सोबत जांभळ्या सलगमची किमची. मासे काटेरी असतात, जपून.

वेळ उरला तर उत्तर टोकावरच्या ‘पीस ऑब्झर्व्हेटरी’त, म्हणजे सीमेपलीकडे बघायच्या जागी जा. पासपोर्ट जवळ ठेवा, वाटेत सैन्याची चौकी आहे. पाण्यापलीकडे उत्तर कोरिया दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर खरा सोंगाकही, ज्याच्या पायथ्याची राजधानी गोजोंगला पुन्हा मिळाली नाही. आम्ही गेलो तेव्हा धुकं होतं. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी जा.