अकुतागावाच्या कथा घेऊन क्योतोत पायपीट

क्योतोला जाताना लोक देवळांची यादी घेऊन जातात, मी र्‍यूनोसुके अकुतागावा या जपानी लेखकाच्या कथांचं खिशात मावेल एवढं पुस्तक घेऊन गेले. देवळं वाटेत लागली ती बघितली, नाही असं नाही, पण रोज कुठे जायचं ते मात्र कथा ठरवायची.

जपानी शिकताना एक वेळ अशी येते की पाठ्यपुस्तकातले तानाकासान बँकेत नोकरी करून करून म्हातारे होतात आणि आपण तिथेच. परीक्षेचं ग्रामर येतं, कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं ओळखता येतात, पण खरं लिहिलेलं काही वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीत दम लागतो. कादंबरी वाचायची तर सत्तराव्या पानावर आधीचं विसरायला होतं. कथा मात्र जमते. दहाबारा पानांत संपते म्हणजे एका ट्रेनमध्ये एकदा, हॉटेलवर परतल्यावर पुन्हा एकदा, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी उभं राहून तिसऱ्यांदा वाचता येते, आणि भाषा मुरते ती या तिसऱ्या वेळेलाच असं माझं ठाम मत आहे. भाषांतर आधी वाचायचं की नाही यावर लोक भांडतात, मी बिनधास्त आधी वाचते, पुढे काय होणार ते माहीत असलं की लक्ष वाक्याकडे जातं.

सुरुवात मी 'कुमो नो इतो'पासून केली, म्हणजे कोळ्याचा धागा. १९१८ साली लहान मुलांच्या 'आकाइ तोरी' मासिकासाठी लिहिलेली गोष्ट, वाक्यं पाठ्यपुस्तकासारखी 'मास' या अदबीच्या क्रियारूपातली, आणि विषय काय तर स्वर्गातल्या कमळांच्या तळ्याकाठी फिरणारे बुद्ध आणि खाली नरकात पडलेला एक दरोडेखोर. आपल्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. शिवाय जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि 'ला', 'ने', 'चा' सारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यामुळे लांबलचक वाक्यातसुद्धा मराठी माणूस शेवटपर्यंत धीर धरून बसू शकतो, सवयच असते. कांजीच्या बाजूला बारीक अक्षरात उच्चार दिलेले असतात त्याला फुरिगाना म्हणतात, तो असलेली आवृत्तीच घ्या. आणि पुस्तक नको असेल तर आओझोरा बुन्को या साइटवर अकुतागावा जवळजवळ सगळा फुकट आहे, तो १९२७ मध्ये गेला, कॉपीराइट कधीच संपला.

मग 'राशोमोन'. १९१५ ची कथा. दुष्काळ, भूकंप, आगी यांनी मोडकळीला आलेली राजधानी, कामावरून काढलेला एक चाकर पावसात वेशीखाली उभा, उपाशी मरायचं की चोर व्हायचं हे त्याचं ठरत नाही आणि वेशीच्या माळ्यावर बेवारस मढी. ती वेस खरोखर होती. ८१६ च्या वादळात पडली, पुन्हा बांधली, ९८० मध्ये परत पडली आणि मग कोणी बांधलीच नाही. क्योतो स्टेशनच्या बाहेर तिचं एक दशांश आकाराचं मॉडेल ठेवलंय, फार देखणं आहे, पण त्यात ना कावळे ना मढी, कथेतलं काहीच नाही. मूळ जागा तोजी देवळापासून पश्चिमेला चालत थोड्याच अंतरावर. मॅपमध्ये शोधताना 'राजोमोन' टाका, वेशीचं नाव तसंच आहे, 'राशोमोन'ने भलतंच काहीतरी येतं. तिथे काय आहे? लहान मुलांची बाग. घसरगुंडी, बाक आणि मधोमध कुंपणात एक दगडी खांब, त्यावर 'राजोमोनची जागा' एवढंच कोरलेलं. इथून उत्तरेला राजवाड्यापर्यंत ८० मीटरहून रुंद राजरस्ता जायचा, आज तिथे उभं राहिलं तर समोरून दोन गाड्या कशाबशा जातील अशी गल्ली दिसते. कथेतला चाकर पायरीवर बसून गालावरची पुटकुळी चाचपत असतो, मी बाकावर बसून डिक्शनरी चाचपत होते.

शेजारच्या बाकावर नातवाला घेऊन आलेले एक आजोबा होते, त्यांनी माझं पुस्तक बघितलं आणि एकदम शेवटचं वाक्य म्हणून दाखवलं, गेनिन नो युकुए वा, दारे मो शिरानाइ. त्या चाकराचं पुढे काय झालं कोणालाच माहीत नाही. ही कथा तिकडे हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला असते, त्यामुळे कोणालाही विचारा, पुटकुळी आणि शेवटचं वाक्य हमखास आठवतं. मी त्यांना म्हटलं की पहिल्यांदा छापली तेव्हा शेवट वेगळा होता, चाकर पावसातून शहरात चोऱ्या करायला निघालाय असं सरळ लिहिलं होतं, लेखकाने नंतर बदललं. आजोबा म्हणाले बरं केलं बदललं, नाहीतर परीक्षेला प्रश्न काय विचारला असता? मग तोजीत जाऊन बिशामोनतेन या रक्षक देवाची मूर्ती बघ म्हणाले, ती या वेशीच्या वरच्या मजल्यावर होती असं सांगतात. तोजीच्या संग्रहालयात आहे ती, पण ते फक्त वसंतात आणि शरदात उघडतं, त्या हिशोबाने जा.

आता 'खरं' क्योतो कथेत किती हाही प्रश्नच आहे. अकुतागावा जन्माने टोकियोचा, ही कथा लिहिली तेव्हा टोकियोतच विद्यापीठात इंग्लिश वाङ्मय शिकत होता आणि मूळ गोष्ट घेतली बाराव्या शतकातल्या 'कोंजाकु मोनोगातारी' या संग्रहातून. हजार वर्षांपूर्वीच्या चाकराच्या मनःस्थितीबद्दल बोलताना मधेच रोमन अक्षरात 'सांतिमांतालिझ्म' (भावुकता) असा फ्रेंच शब्द घालून देतो, पहिल्यांदा मला वाटलं छपाईची चूक आहे. त्यामुळे जागा कथेसारखी दिसत नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. जागेवर गेल्यावर मला मिळालं ते दिसण्यापेक्षा वेगळं काहीतरी, अंतरं आणि वेळा.

ते कळलं 'याबु नो नाका' म्हणजे 'बनात' या कथेमुळे. १९२२ ची ही कथा, दिग्दर्शक कुरोसावाच्या १९५० च्या सिनेमाचं नाव 'राशोमोन' असलं तरी गोष्ट बरीचशी हीच. बांबूच्या बनात एका सामुराईचं प्रेत सापडतं आणि सातजण आपापली जबानी देतात, मेलेला माणूससुद्धा, मांत्रिक बाईच्या तोंडून. जागा अगदी नेमक्या दिल्यात. प्रेत यामाशिनाच्या हमरस्त्यापासून चारपाच चो आत, चो म्हणजे साधारण ११० मीटर. दरोडेखोर सापडला आवातागुचीच्या दगडी पुलावर, घोड्यावरून पडून कण्हत.

म्हणून मी यामाशिना स्टेशनला उतरले आणि आवातागुचीपर्यंत सरळ चालत सुटले. भुयारी ट्रेनने आवातागुचीजवळचं केआगे फक्त दुसरं स्टेशन आहे, पण मग मजा नाही. यामाशिना आता दाट वस्तीचं उपनगर, बांबू दिसतात ते लांब डोंगराच्या कडेला घरांच्या मागे. मिसासागी ओलांडलं की हिनोओकाचा चढ लागतो, रस्त्याच्या कडेला चाकोऱ्या पडलेले जुने दगड जपून ठेवलेत, बैलगाड्या चिखलात रुतू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेले. उतार संपला की केआगे, तिथेच आवातागुची. मी रेंगाळत, फोटो काढत गेले तरी दीड तासाच्या आत पोचले.

आणि तिथे कॉफी पीत जबान्या परत वाचताना डोक्यात आलं की भिक्षू म्हणतो सामुराई आणि त्याची बायको दुपारी बाराच्या सुमाराला दिसली, दरोडेखोराला पकडलं रात्रीच्या पहिल्या प्रहरात, आणि मधलं अंतर एवढंच, शिवाय हा तर घोड्यावर! मग दिवसभर हा करत काय होता? तो स्वतः म्हणतो की शहरात शिरायच्या आधी तलवार हातावेगळी केली, पण त्याला असा किती वेळ लागणार. भाषांतर मी दोनदा वाचलंय, तेव्हा हे कधी मनात आलं नव्हतं.

भाषा शिकणाऱ्याला तर ही कथा म्हणजे पर्वणी आहे, कारण प्रत्येकजण वेगळं बोलतो. अधिकाऱ्यासमोर उभा लाकूडतोड्या वाक्यावाक्याला 'गोझाइमास' हे फार अदबीचं रूप लावतो, इतका वाकून बोलतो की मुद्दा शोधावा लागतो. दरोडेखोर खून कबूल करतो तोही 'वाताशी' (सभ्य 'मी') आणि 'देस' (सभ्य 'आहे') वापरून, शांतपणे, वर अधिकाऱ्यालाच सुनावतो की मी तलवारीने मारतो, तुम्ही लोक सत्तेने आणि पैशाने मारता. मेलेला नवरा एकटाच स्वतःला 'ओरे' (रांगडा 'मी') म्हणतो, रोखठोक, आदरबिदर काही नाही, मेल्यावर कोणाची भीती. हे पुस्तकातल्या तक्त्यावरून पाठ करायला मला जन्म गेला असता.

बायकोची जबानी कियोमिझू देवळात घडते, तीही तिथे जाऊन वाचायचा बेत होता. विसरा. लाकडी सज्जावर सेल्फीवाल्यांची एवढी गर्दी की पुस्तक उघडायला कोपर हलवता येईना, शेवटी खाली उतरून बसच्या रांगेत वाचली.

भुताची जबानी शेवटची, ती खोलीवर रात्री वाचली. त्यात अगदी अखेरीला कोणीतरी हळूच जवळ येतं आणि छातीतली कट्यार काढून घेतं, कोण ते दिसत नाही. मी परत पहिल्या पानावर गेले. तिथे लाकूडतोड्याला विचारलेलं दिसतं की तलवारबिलवार काही दिसली का, आणि तो म्हणतो नाही हो, काहीच नाही, एक दोरी होती, आणि हो, एक कंगवा. सगळ्यात अदबीने बोलणारा माणूस तोच. सिनेमात कुरोसावाने हा धागा उघड ओढलाय, कथेत तो नुसता पडून आहे. माझा संशय तरी त्याच्यावरच आहे. दरोडेखोराच्या दुपारचं काय ते मात्र अजून सुटलेलं नाही, कोणी यामाशिना ते आवातागुची घोड्यावरून केलं असेल तर कळवा.