वेरुळात ट्रायपॉड लावायची परवानगी: माझा अनुभव

वेरुळात ट्रायपॉडवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या स्टँडवर, सरसकट बंदी आहे, हा समज अर्धाच खरा आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना 1959 चे नियम लागू होतात. त्यांत कॅमेऱ्याचा स्टँड, स्टूल, खुर्ची, टेबल आणि चित्रकाराचा ईझल हे सगळं एकाच ओळीत बसवलंय. लेखी परवानगीशिवाय यातलं काहीही आत न्यायचं नाही. म्हणजे गेटवरच्या पहारेकऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, त्याच्या हातात ते नाहीच. परवानगी पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयातून येते. वेरुळासाठी ते छत्रपती संभाजीनगरात, बीबी का मकबऱ्याजवळ आहे. मुंबई-पुण्याकडच्या स्मारकांसाठी सायनच्या किल्ल्यावरचं कार्यालय.

अर्ज अधीक्षक पुरातत्त्वविदांच्या नावे केला. साधा एक पानाचा, पण त्यात लेण्यांचे क्रमांक घातले: 10, 12 चा वरचा मजला आणि 32. नुसतं ‘वेरुळ लेणी’ लिहिलं की कागद फिरत राहतो, कारण कोणत्या लेण्यात कोणाला उभं करायचं हे ठरवता येत नाही. पुढे तारीख, पर्यायी तारीख, वेळ, माणसं दोन. सामानाची यादी: एक कॅमेरा, दोन लेन्स, रबरी पायांचा एक ट्रायपॉड, एक केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर). उद्देश: स्थिर छायाचित्रण, वैयक्तिक अभ्यासासाठी, व्यापारी वापर नाही. शेवटी हमी: दिवे लावणार नाही, कोरीवकामाला टेकणार नाही, वाट अडवणार नाही. सोबत आधार कार्डाची प्रत. तारीख टाकताना एवढं बघा की वेरुळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी.

‘स्थिर छायाचित्रण’ हे स्पष्ट लिहिणं फार महत्त्वाचं. व्हिडिओ, मॉडेल, पोशाख, ‘शूट’ असलं काही अर्जात आलं की प्रकरण चित्रीकरणाच्या परवान्याकडे वळतं. तिथला फॉर्म वेगळा, शुल्क वेगळं, शिवाय अनामत. प्री-वेडिंगवाल्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. हौशी माणसाने त्या वाटेला जायचं कारणच नाही.

पत्र हातात पडलं म्हणजे काम झालं असं नाही. त्याची प्रत लेण्यांवरच्या संरक्षण सहायकांना (स्मारकाची देखभाल बघणाऱ्या अधिकाऱ्यांना) गेली आहे का, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. मूळ पत्र, दोन झेरॉक्स आणि ओळखपत्र पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवलं. एक झेरॉक्स गेटवर राहते, दुसरी लेण्यातल्या कर्मचाऱ्यासाठी. मोबाइलवरचा फोटो दाखवून भागेल असं धरून चालू नये.

आता ट्रायपॉड लागतो कुठे? कैलासच्या अंगणात अजिबात नाही, दुपारनंतर तिथे ऊन भरपूर असतं. बत्तीसच्या वरच्या मजल्यावर मात्र हिशेब वेगळा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि एफ/8 (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) ला आठ सेकंदांचं एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, धरा. तेच हातात धरून काढायचं तर आयएसओ 6400 आणि एफ/2.8 वर जाऊन कुठे 1/60 सेकंद मिळतो. खांबांच्या रांगेत पुढचा खांब स्पष्ट येतो, मागचा विरघळतो, आणि सावल्यांत रवाच रवा, म्हणजे नुसते दाणेदार ठिपके. अभ्यासासाठी असला फोटो कुचकामी.

दहाव्या लेण्यात उजेड पश्चिमेकडून, सज्जाच्या खिडकीतून येतो. त्यामुळे वेळ दुपारनंतरची मागावी, सकाळची मागून उपयोग नाही. आतली गर्दी थांबत नाही. ट्रायपॉड मधल्या वाटेत लावला तर पाच मिनिटांत उचलायला सांगतात, आणि बरोबरच सांगतात. मी पाय कमी पसरून खांबाजवळ लावला, पण खांबाला न टेकवता. मधला दांडा वर काढला नाही, कारण तो काढला की लांब एक्सपोजरला कॅमेरा डुलतो. दोन सेकंदांचा टायमर किंवा केबल रिलीज हवाच. लोखंडी टोकांचे पाय असतील तर रबरी टोप्या चढवूनच आत शिरा. दगडावर ओरखडे, हीच तर या नियमामागची मुख्य भीती.

दिव्यांबाबतही तोच नियम बोलतो. शटरबरोबर पेटणाऱ्या फ्लॅशखेरीज दुसरा कृत्रिम प्रकाश वापरायचा नाही. म्हणजे एलईडी पॅनल नाही, आणि टॉर्च फिरवून मूर्ती उजळायची युक्तीही नाही. फ्लॅशदेखील रंगचित्रांजवळ नको. कैलास आणि बत्तीस, दोन्हीकडे छतांवर रंग शिल्लक आहेत. अजिंठ्यात तर 2018 मध्ये इतर स्मारकांत छायाचित्रणाची मोकळीक झाली तेव्हाही बंदी कायम ठेवली होती, तशीच ताजमहालातल्या मुख्य मकबऱ्याच्या आतही.

मोनोपॉडही (एका पायाचा स्टँड) गेटवर स्टँडच धरतात, तेव्हा अर्जात तोही लिहून टाका.

सिंहगडासारख्या ठिकाणांना हे पत्र चालत नाही. ते राज्याचं संरक्षित स्मारक, म्हणून अर्ज राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे करावा लागतो. कोणाची हद्द आहे हे प्रवेशाजवळच्या फलकावर लिहिलेलं असतं. अर्ज टाइप करण्याआधी त्याचा फोटो कोणाकडून तरी मागवून घ्या.