अरुशा नॅशनल पार्क, आई आणि जिराफ

टांझानियाला जाणारे बहुतेक लोक अरुशा शहरात एक रात्र झोपतात आणि सकाळी उठून सेरेंगेटी नाहीतर न्गोरोंगोरो या मोठ्या सफारीच्या जागांच्या रस्त्याला लागतात. आमचंही तेच ठरलं होतं, पण एक दिवस मोकळा राहत होता म्हणून म्हटलं जवळचं अरुशा नॅशनल पार्क करून टाकू. आता कोणी विचारलं की ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त काय आवडलं तर आई आणि मी दोघी याच पार्कचं नाव घेतो.

इथे सिंह नाहीत. हे ऐकल्यावर आई म्हणालीच, "अगं मग तिथे जाऊन बघायचं काय?"

शहरापासून गाडीने तासभर, आणि आत शिरलं की लगेच एक गवताळ मैदान लागतं, त्याला सेरेंगेटी न्डोगो म्हणतात, न्डोगो म्हणजे छोटं. झेब्रे होते, रानडुकरं होती (वॉर्टहॉग, पुढचे पाय मुडपून अगदी गुडघे टेकल्यासारखी चरतात, आईला ते फार आवडलं). मग एकदम दाट जंगल सुरू होतं, इतकं की दिवसा अंधारल्यासारखं वाटतं. तिथे ड्रायव्हरने गाडी बंद केली आणि वर बोट दाखवलं. कोलोबस माकडं! काळं अंग, पाठीवरून दोन्ही बाजूंनी खाली येणारी लांब पांढरी झालर, आणि शेपटीला पांढरा झुबका. उडी मारली की ती झालर हवेत पसरते. त्यांना अंगठा जवळपास नसतोच, चार बोटांचा आकडा करून फांद्या पकडतात. एकीच्या पोटाशी पिल्लू होतं ते पूर्ण पांढरं, जन्मतः ती तशीच असतात, काळा रंग नंतर येतो. आम्ही अर्धा तास तिथेच, मान दुखेपर्यंत.

न्गुर्डोटो क्रेटर (जुन्या ज्वालामुखीचा वाडग्यासारखा खोलगट खड्डा) वरूनच बघायचं, खाली उतरायला कोणालाच परवानगी नाही. तळाला हिरवी दलदल आणि त्यात काळे ठिपके, दुर्बीण लावली तर ते सगळे केप बफेलो, आफ्रिकेतले रानरेडे. माणसाचं पाऊल पडत नाही अशी जागा आपल्या डोळ्यासमोर आहे हे बघून मला खरंच भरून आलं.

मोमेला तलावांबद्दल तर किती लिहू. पाणी खारं, अल्कधर्मी, आणि प्रत्येक तलावात शेवाळ वेगळं म्हणून रंगही वेगळा, एक हिरवट तर पलीकडचा निळसर. फ्लेमिंगो आम्हाला एका तलावावर भरपूर दिसले, पण ते खाणं असेल तिकडे जातात त्यामुळे कधी कुठे असतील सांगता येत नाही. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतात आणि पाणी गाळून बारीक शेवाळ खातात, त्यातूनच तो गुलाबी रंग येतो. छोट्या मोमेलावर कनूही (वल्ह्याची छोटी होडी) मिळते, आम्हाला वेळ पुरला नाही याची हळहळ आहे.

दुपारी पायी सफारी. सोबत बंदूकवाला रेंजर लागतोच, कारण बफेलो आणि हत्ती आहेत. समोर ४,५६६ मीटरचा मेरू पर्वत, त्याची एक बाजू पूर्वी कधीतरी कोसळून गेलेली, त्यामुळे आतला भाग उघडा दिसतो. गाडीत बसून प्राणी बघणं आणि त्यांच्याच जमिनीवर उभं राहणं यात फार फरक आहे, वास येतो, शेण दिसतं, आपला आवाज आपोआप खाली येतो. आणि मग झाडाआडून जिराफ. स्वाहिलीत ट्विगा, टांझानियाचा राष्ट्रीय प्राणी. पंधरावीस पावलांवर असेल. काळसर जांभळी जीभ बाहेर काढून बाभळीच्या लांब काट्यांमधून पाला नेमका ओरबाडत होता, आणि त्याच्या चावण्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. त्याने आमच्याकडे बघितलं, पापण्या हलवल्या, परत खायला लागला.

जाणार असाल तर स्वेटर घ्या, उंचीमुळे सकाळी गारठा असतो, आणि लवकर निघा, किलिमांजारो दिसायचा तर सकाळीच दिसतो, नंतर ढग येतात.

रेंजर म्हणाला चला, गाडी वाट बघतेय. आई म्हणाली, "त्यांना सांग ना दोन मिनिटं थांबा, त्याचं खाऊन होऊ दे."